वीट वितळत नाही म्हणता, मग ती जाते कुठे?

नवशिक्या_मेल्टर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आत्ता माझ्यासमोर टेबलावर लॅडलच्या (वितळलेलं स्टील ठेवायच्या भांड्याच्या) स्लॅग लाइनमधल्या, म्हणजे स्टीलवर तरंगणारा ऑक्साइडचा मळ (स्लॅग) जिथे भिंतीला लागतो तिथल्या, विटेचा तुकडा आहे. मॅग्नेशिया-कार्बन वीट, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड आणि ग्राफाइटची. रिलायनिंगच्या (अस्तराच्या विटा बदलायच्या) वेळी तोडाफोडी चालू होती तेव्हा एक उचलून आणला आणि कटरवर मधोमध कापून घेतला. नवीन असताना वीतभर होती, आता चार बोटं उरलीय. कापलेल्या बाजूने बघितलं तर सरळ पट्टेच दिसतात. सगळ्यात पुढे, म्हणजे स्टीलच्या बाजूला, काळपट-हिरवं काचेसारखं कवच, दोनेक मिलिमीटर असेल. त्याच्या मागे फिकट राखाडी पट्टा, सुईने टोचलं तर भुसभुशीत लागतो, आणि त्यात बारीक चमकणारे ठिपके. आणि त्याच्या मागे एकदम काळी कुळकुळीत वीट, जणू काल बसवलीय. राखाडी आणि काळ्याच्या मधली रेघ तर पट्टीने मारल्यासारखी.

आता प्रश्न. मॅग्नेशिया वितळतो २८०० डिग्रीच्या आसपास. आमचं स्टील फार तर १६५०. म्हणजे हजारावर डिग्रीचं अंतर आहे, मग ही वीट वितळली कशी? आणि वितळली नाही तर उरलेली गेली कुठे? मीटिंगमध्ये शॉपवाले म्हणतात वीट खराब, विटांचा सप्लायर म्हणतो तुमचा स्लॅग खराब, आणि मी कोपऱ्यात वही घेऊन बसलेला.

उष्णवात

वितळत नाही हो, विरघळते. सगळा घोळ या दोन शब्दांचा आहे.

मीठ वितळायला ८०० डिग्री लागतात, पण साध्या पाण्यात टाकलं तर पाच मिनिटांत गायब. तिथे कोणी विचारतं का की पाणी इतकं गरम कसं झालं? स्लॅग म्हणजे ऑक्साइडचं पाणीच समजा. चुना, सिलिका, अल्युमिना, आयर्न ऑक्साइड, मँगनीज ऑक्साइड हे सगळं एकत्र होऊन द्रव झालेलं, आणि तुमची वीटही ऑक्साइडच. स्लॅगला मॅग्नेशियाची भूक असेल तर तो विटेतून घेणार, दुसरीकडून मिळाला नाही तर.

आणि भूक भागली की थांबतो. मीठ कसं एका हद्दीनंतर तळाशी बसून राहतं, तसंच. ही हद्द ठरते चुना-सिलिकाच्या गुणोत्तरावर (यालाच बेसिसिटी म्हणतात) आणि तापमानावर. बेसिसिटी तीनच्या वर असेल तर साधारण सहा-आठ टक्के मॅग्नेशियात स्लॅगचं पोट भरतं, बेसिसिटी खाली गेली की भूक वाढते, मग दहा-पंधरा टक्केसुद्धा पचवतो. तुमच्या स्लॅगचा रिपोर्ट काढा, मॅग्नेशियाचा कॉलम बघा. तीन-चार टक्के दिसला तर पुढच्या मीटिंगला वही मिटून तोंड उघडा.

चिमटा

अवांतर : आम्हाला शाळेच्या पुस्तकात स्लॅगला ‘धातुमळी’ होतं. मळी म्हटलं की मला साखर कारखानाच आठवायचा, त्यामुळे कित्येक वर्षं मला वाटायचं भट्टीतून काकवीसारखं काहीतरी गळतं. नंतर पहिल्यांदा प्रत्यक्ष बघितलं तेव्हा कळलं, फार चुकीचंही वाटत नव्हतं.

राखाडी

पट्ट्यांचं वर्णन छान केलंय, आता तेच वाचूया. मी रिफ्रॅक्टरीतली (भट्टीच्या विटांच्या धंद्यातली) आहे त्यामुळे विटेची बाजू थोडी घेणार हे आधीच सांगते.

उष्णवात म्हणतात ते खरं पण मॅग्नेशिया-कार्बन विटेत ती दुसरी पायरी आहे. आधी कार्बन जातो. ही वीट मुळात का चालते, तर त्यातल्या ग्राफाइटमुळे. द्रव स्लॅग ग्राफाइटला ओला करत नाही, अळवावरच्या पाण्यासारखा थेंब होऊन बसतो. त्यामुळे जोपर्यंत ग्राफाइट शाबूत आहे तोवर स्लॅगला आत शिरायला वाटच नाही. पण स्लॅगमध्ये आयर्न ऑक्साइड आलं की ते ग्राफाइटला जाळतं, स्वतः लोखंड होतं आणि कार्बनचा मोनॉक्साइड होऊन निघून जातो. मग जिथे ग्राफाइट होतं तिथे पोकळी. तुमचा भुसभुशीत राखाडी पट्टा तोच, कार्बन गेलेला थर. आता त्यातले मॅग्नेशियाचे दाणे एकमेकांना धरून नाहीत, स्लॅग मधल्या फटीत शिरतो, दाण्यांच्या कडा खातो, आणि अर्धवट खाल्लेले दाणे सुटून वाहून जातात. म्हणजे वीट सगळी विरघळून जात नाही, बरीचशी ढिली होऊन गळते.

चमकणाऱ्या ठिपक्यांना लोहचुंबक लावून बघा.

नवशिक्या_मेल्टर

ताई, आत्ता बघितलं. राखाडी पट्ट्यातली पूड खरवडून कागदावर घेतली आणि कागदाखालून चुंबक फिरवला, ठिपके चक्क रांगेने चालायला लागले!! काळ्या भागातल्या पुडीत एकही हलला नाही. अर्धा तास हाच खेळ करतोय.

पण लॅडलमध्ये आयर्न ऑक्साइड इतकं कुठून येतं? तिथे तर आपण अल्युमिनियम टाकून ऑक्सिजन मारलेला असतो.

राखाडी

दोन ठिकाणांहून. एक, टॅपिंगच्या, म्हणजे भट्टीतलं स्टील लॅडलमध्ये ओतण्याच्या, शेवटी भट्टीतला स्लॅग लॅडलमध्ये घसरतो तो. भट्टीच्या स्लॅगमध्ये आयर्न ऑक्साइड वीस-पंचवीस टक्के सहज असतं. दोन, आणि हे कोणी मोजत नाही, रिकामं लॅडल बर्नरखाली तापवत ठेवता ना, तेव्हा हवेतला ऑक्सिजन आरामात बसून ग्राफाइट खात असतो. तिथे स्लॅगचा काही संबंधच नाही. म्हणून विटांमध्ये अल्युमिनियम किंवा सिलिकॉनची पावडर घालतात, म्हणजे ऑक्सिजन आधी त्यांना खाईल. तरी तासन् तास तापवत ठेवलं तर काय होणार.

हीट_नंबर_विसरलो

आला, आला, शॉपवाल्यांवर घसरला धागा. वाटच बघत होतो.

अहो बर्नरखाली नाही ठेवलं तर थंड लॅडलमध्ये स्टील ओतायचं का? मग विटा तडकतात ते आहेच वर स्टील गार होतं म्हणून मेल्टर वीस डिग्री जास्त तापवून देतो आणि ते वीस डिग्री भट्टीच्या विटा खातात. बसून सल्ला द्यायला काय जातं. आणि मॅग्नेशियाचं म्हणाल तर आम्ही पण टाकून बघितलंय, डोलोमाइट (चुना-मॅग्नेशियाचा दगड) वाढवला की स्लॅग दह्यासारखा घट्ट, चुना विरघळत नाही, फॉस्फरस उतरत नाही, आणि ग्रेड फेल झाली की विटांचा सप्लायर येत नाही उत्तर द्यायला.

उष्णवात

@हीट_नंबर, हे पटलं, आणि यात खरी मारामारी आहे. वीट वाचवायची तर स्लॅग पोटभर आणि जाडसर हवा, फॉस्फरस काढायचा तर तो पातळ, चुना पचवलेला आणि आयर्न ऑक्साइडवाला हवा. एकाच स्लॅगकडून दोन्ही कामं.

पण किती टाकलं त्यापेक्षा कधी टाकलं हे तपासलंत का? कन्व्हर्टरमध्ये (कच्च्या लोखंडाचं स्टील करणाऱ्या भट्टीत) ब्लो, म्हणजे ऑक्सिजन फुंकणं, सुरू झालं की पहिल्यांदा जळतो सिलिकॉन. म्हणजे पहिल्या काही मिनिटांत सिलिकाच सिलिका, चुना अजून ढेकळंच, बेसिसिटी एकच्या आसपास. हा सगळ्यात भुकेला स्लॅग. भाजलेला डोलोमाइट तेव्हा आत असायला हवा. बरेच ठिकाणी तो उशिरा पडतो, तोपर्यंत स्लॅगने विटेतून जेवून घेतलेलं असतं आणि मग डोलोमाइटमुळे वर नुसता घट्टपणा येतो. म्हणजे दोन्हीकडून नुकसान. इलेक्ट्रिक आर्क फर्नेसलाही हेच, स्क्रॅप वितळतानाच तो आत हवा, शिवाय स्लॅग नीट फेसाळला तर आर्क झाकला जातो आणि भिंतीवर भाजत नाही.

हीट_नंबर_विसरलो

हम्म. आमच्याकडे ब्लोच्या मध्यावर दोन हप्त्यांत जातो. लॉग काढून बघतो. (याचा अर्थ मी हरलो असा नाही)

जुनापुराणा

या भांडणाला दीडशेहून जास्त वर्षं झाली. बेसेमरने १८५६ साली कन्व्हर्टर आणला तेव्हा आतलं अस्तर सिलिकाचं होतं, म्हणजे आम्लधर्मी. फॉस्फरस काढायला चुना हवा, आणि चुना टाकला की तो सिलिकाच्या अस्तरालाच खाऊन टाकायचा. त्यामुळे ज्या खनिजात फॉस्फरस जास्त ते या पद्धतीला निकामी. सगळे हात टेकून बसलेले. तो सोडवला सिडनी गिलख्रिस्ट थॉमस नावाच्या माणसाने, जो पोटापाण्यासाठी लंडनच्या पोलीस कोर्टात कारकुनी करायचा आणि रसायनशास्त्र रात्री शिकायचा. त्याचा मामेभाऊ पर्सी गिलख्रिस्ट केमिस्ट होता. दोघांनी डोलोमाइटचं बेसिक अस्तर केलं आणि १८७९ मध्ये मिडल्सब्रोला मोठ्या कन्व्हर्टरवर चालवून दाखवलं. अस्तर चुन्याच्या जातीचं, स्लॅगही चुन्याच्या जातीचा, मग खाणार कोण कोणाला. शिवाय तो फॉस्फरसवाला स्लॅग दळून खत म्हणून विकला गेला.

म्हणून विटेचं आणि स्लॅगचं गोत्र जुळलं पाहिजे ही पहिली अट. (आणि आपल्याकडच्या लग्नांत नेमकं उलटं, गोत्र जुळलं की अडतं!)

वाळूघर

थोडं वेगळं विचारतो. आमची छोटी फाउंड्री, इंडक्शन फर्नेस, आत सिलिकाचा रॅमिंग मास (ठोकून बसवायचं अस्तर). साध्या कार्बन स्टीलला लायनिंग व्यवस्थित चालतं. मँगनीज जास्त असलेलं स्टील घेतलं की निम्म्या हीटमध्ये (एक हीट म्हणजे भट्टीची एक खेप) लायनिंग पातळ, आणि कॉइलकडचा मीटर ओरडायला लागतो. स्लॅग तर आमच्याकडे असतोच किती, बोटभर. मग इतकं कसं खातो?

राखाडी

बोटभर पुरतो हो. सिलिका आणि आयर्न ऑक्साइड एकत्र आले की फायालाइट होतं, ते १२०५ डिग्रीलाच वितळतं, मँगनीज ऑक्साइडचंही जवळपास तसंच. तुमचं स्टील १६०० ला. म्हणजे गंजकं स्क्रॅप टाकलं की त्या गंजाच्या प्रत्येक चमच्यामागे अस्तरातली सिलिका पातळ होऊन वर येते, ती तुम्ही स्लॅग म्हणून काढता आणि म्हणता स्लॅग कमीच आहे. त्यातलं बरंचसं तुमचं लायनिंगच आहे.

शिवाय मँगनीजला स्लॅगची पण गरज नाही. स्टीलमधला मँगनीज सरळ अस्तरातल्या सिलिकाचा ऑक्सिजन ओढतो, सिलिकॉन स्टीलमध्ये जातो आणि मँगनीज ऑक्साइड अस्तरावर बसून पुढचं खाणं सुरू. बाथमधला सिलिकॉन टाकल्यापेक्षा जास्त येतो का बघा. येत असेल तर तो भिंतीतून आलाय. जास्त मँगनीजच्या ग्रेडला बेसिक किंवा न्यूट्रल मास घ्या, सिलिकावर कितीही जपून चालवलं तरी केमिस्ट्री तुमच्या विरुद्ध आहे.

वाळूघर

येतो! सिलिकॉन जास्त येतो! आम्ही फेरोसिलिकॉनच्या वजनकाट्याला शिव्या देत होतो. दोनदा कॅलिब्रेट केला बिचारा.

कणभर

वाचनखूण साठवली.

मला एक कळत नाही, लॅडल वरपासून खालपर्यंत सारख्याच तापमानाला, मग स्लॅग लाइनलाच कमरेभोवती करगोटा घातल्यासारखी खाच का पडते? स्लॅगचा थर चांगला जाड असतो पण खाच मात्र नेमकी एका पट्टीत.

उष्णवात

हा माझा आवडता विषय, थोडं लांबेल.

स्लॅग स्थिर असता तर विटेला लागून असलेला पातळ थर मॅग्नेशियाने भरून गेला असता आणि खाणं मंदावलं असतं. पाणी न ढवळता मीठ टाकल्यासारखं. खाच पडते तिथे ढवळणं सुरू असतं, आणि ते फक्त ढवळायला सोडलेल्या आर्गॉन वायूचं नाही. स्लॅगमध्ये विटेचा अंश विरघळला की त्या जागेचा पृष्ठताण बदलतो. शेजारचा ताण वेगळा, म्हणून द्रव आपणहून कमी ताणाकडून जास्त ताणाकडे सरकतो. याला मॅरँगोनी प्रवाह म्हणतात. म्हणजे वीट विरघळते म्हणून प्रवाह होतो, आणि प्रवाह होतो म्हणून नवीन भुकेला स्लॅग येऊन अजून विरघळते.

स्लॅग आणि स्टील जिथे भेटतात तिथे तर अजून मजा. जपानच्या कुसुहिरो मुकाई यांनी भट्टीतली ही जागा क्ष-किरणांनी चालू असताना बघितली. मॅग्नेशिया-कार्बन विटेवर आधी स्लॅगचा पातळ पापुद्रा चढतो आणि मॅग्नेशिया खातो. खाता खाता उघडं पडतं ग्राफाइट. स्लॅगला ग्राफाइट आवडत नाही, तो मागे हटतो. आता स्टील पुढे येतं, त्याला कार्बन आवडतो, तो ते विरघळवून घेतं. कार्बन गेला की पुन्हा मॅग्नेशिया उघडा, पुन्हा स्लॅग वर. दोघं आळीपाळीने पानावर बसतात. एकट्या स्लॅगमध्ये किंवा एकट्या स्टीलमध्ये ती वीट कितीतरी जास्त टिकली असती.

खडूस_इन्स्पेक्टर

सगळं छान चाललंय पण सगळे खाण्याबद्दलच बोलतायत, सोलून पडण्याबद्दल कोणीच नाही. मी जितक्या विटा तोडताना बघितल्या त्यात विरघळून गेलेल्यापेक्षा खपली निघून गेलेल्या जास्त, निदान कार्बन नसलेल्या भाजक्या विटांमध्ये.

भाजक्या मॅग्नेशिया विटेत पंधरा टक्क्यांच्या आसपास छिद्रं असतात. स्लॅग त्यातून केशाकर्षणाने आत ओढला जातो, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसा. मागे मागे वीट थंड असते, त्यामुळे एका खोलीला जाऊन तो गोठतो. आता पुढचा भाग छिद्रं भरलेला, घट्ट, दगडासारखा, आणि मागचा मूळचा. दोघांचं प्रसरण वेगळं. भट्टी गार झाली, पुन्हा तापली, गार झाली, तापली, आणि एके दिवशी त्या सीमेवर समांतर तडा जाऊन अख्खी लादी खाली. एका हीटमध्ये दोन-तीन सेंटिमीटर. रोजची झीज मोजून काढलेला तुमचा आलेख तिथे काय कामाचा. त्यामुळे भट्टी मधेच गार करणाऱ्याला मी स्लॅगपेक्षा मोठा गुन्हेगार मानतो.

आणि शिरलेला स्लॅग आत गप्प बसत नाही ते वेगळंच. चांगल्या मॅग्नेशिया विटेत दाण्यांना धरून ठेवणारं सिमेंट असतं डायकॅल्शियम सिलिकेट, ते २१३० डिग्रीला वितळतं, म्हणजे बिनधास्त. कमी चुन्याचा स्लॅग आत शिरला की त्याचं मर्विनाइट होतं, आणखी सिलिका मिळाली की मॉन्टिसेलाइट, ते १५०० च्या आत द्रव. दाणे शाबूत, मधलं सिमेंटच पातळ. भिंत पडणार नाहीतर काय.

नवशिक्या_मेल्टर

बापरे. म्हणजे मीटिंगमधले दोघंही अर्धे बरोबर. स्लॅगचा रिपोर्ट मिळाला, लॅडलच्या स्लॅगमध्ये मॅग्नेशिया ४ टक्के, आणि टॅपिंगनंतर घसरलेल्या स्लॅगची जाडी कोणी मोजतच नाही. फ्लोरस्पारही भरपूर पडतो स्लॅग पातळ करायला.

खडूस_इन्स्पेक्टर

फ्लोरस्पार! हे पहिल्या पोस्टमध्ये सांगायचं ना. पातळ स्लॅग म्हणजे शिरायला सोपा, वाहायला सोपा आणि खायलाही सोपा. आधी तो कमी करा, मग विटांच्या कंपनीला फोन करा.

हीट_नंबर_विसरलो

लॉग बघितला. डोलोमाइटचा पहिला हप्ता ब्लो सुरू झाल्यावर सहाव्या मिनिटाला. उष्णवातांना दंडवत. पुढच्या कॅम्पेनला (नवीन अस्तराच्या पाळीला) सुरुवातीला टाकून बघू, फॉस्फरसचं काय होतं ते इथेच लिहीन.

तोवर एक सांगतो, टॅपिंग झाल्यावर उरलेला स्लॅग डोलोमाइटने घट्ट करून लान्स नावाच्या नळीतून नायट्रोजनने भिंतीवर उडवतात ते आम्ही करतो. १९९० च्या दशकात अमेरिकेत हे जोरात सुरू झालं आणि कन्व्हर्टरची कॅम्पेन काही हजार हीटवरून दहा-वीस हजारांवर गेली. म्हणजे जो खातो त्यालाच भिंतीला लिंपायचा. आमच्याकडे घट्ट स्लॅग कधी हवा आणि कधी नको हे त्यामुळे कळतं बरं का, अगदीच अडाणी नाही.

राखाडी

@नवशिक्या, एक विचारायचं राहिलं. तो तुकडा मायक्रोस्कोपसाठी पाठवणार असाल तर, कापताना कटरवर पाणी वापरलं होतंत का? आणि सध्या तो कुठे ठेवलाय?

नवशिक्या_मेल्टर

हो, डायमंड कटर, पाण्यावरच चालतो तो. आणि टेबलावरच आहे, खिडकीपाशी, पाऊस आहे सध्या. दहा दिवस झाले. का हो ताई?

राखाडी

अरे देवा. विटेतली अल्युमिनियमची पावडर गरम झाली की कार्बनशी जुळून अल्युमिनियम कार्बाइड होतं. ते पाण्याला भेटलं की हायड्रॉक्साइड आणि मिथेन, आणि आकारमान दुपटीच्याही वर. म्हणून वापरलेल्या मॅग्नेशिया-कार्बन विटा तेलावर किंवा कोरड्या कापतात आणि लगेच रेझिनमध्ये बुडवतात. बघा जरा तुकडा हातात घेऊन.

नवशिक्या_मेल्टर

घेतला.

मागचा भाग हातातच भुगा झाला. जो काळा कुळकुळीत, कालच बसवल्यासारखा म्हणालो होतो ना, तोच. स्लॅगने खाल्लेली पुढची बाजू मात्र तशीच शाबूत, कवचासकट. ती बरी का टिकली?

राखाडी

कारण पुढे तापमान जास्त, तिथे कार्बाइड टिकतच नाही, त्याचं अल्युमिना होऊन पुढे मॅग्नेशियाशी जुळून स्पिनेल झालेलं असतं. स्पिनेलला पाण्याचं काही वाटत नाही. पुढचा भाग तेवढा कोरड्या डब्यात बंद करून पाठवा, कामाचं सगळं त्यातच आहे. पुढच्या रिलायनिंगला दुसरा तुकडा आणा, आणि येताना केरोसीनवर चालणारा कटर कोणाकडे आहे ते बघून ठेवा.

चिमटा

आणि भुगा टाकून देऊ नका, चुंबकाचा खेळ अजून बाकी असेल.